टोपण दादाकडे आहे

रविवार, ४ फेब्रुवारी

दादा,

पत्राच्या वरती काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या दिवशी मी बहुतेक वर्गाबाहेर अंगठे धरून उभा होतो. तेव्हा नुसतंच दादा.

हे फाडू नकोस. फाडायचंच असेल तर दुसऱ्या पानानंतर फाड. काम लहान आहे. बाबांच्या काळ्या पेनाचं टोपण तुझ्याकडे आहे, ते मला हवं आहे.

झालं मागून. मघाशी डॉक्टरीणबाई म्हणाल्याच, "दोन ओळींत माग आणि मोकळा हो." पण दोन ओळींत मागितलं तर तू देणार नाहीस, आणि मला दोन ओळींत थांबता येत नाही. थांबलो की पेन सुकतं. टोपण नसलेल्या पेनाचं असंच, लिहीत राहा नाहीतर निबेला ओलं फडकं गुंडाळा. तीन वर्षं मी ते गोळ्यांच्या एका रिकाम्या बाटलीत फडक्यासकट ठेवतोय. गोळ्या कसल्या ते विचारू नकोस. तू औषधाच्या दुकानातला माणूस, लगेच किती वेळा आणि जेवणाआधी की नंतर, ते सांगशील.

आता डॉक्टरीणबाई कोण, ते. पण त्याआधी लाँड्री.

मी सध्या एका लाँड्रीत आहे. चार महिने झाले, म्हणजे माझ्या मानाने पेन्शनीला आलो. माझं टेबल डागांचं. रक्ताला गार पाणी, तेलाला खडूची पूड, आणि शाईला घाई करायची नाही. शाई चोळली की संपलं, ती कापडात घर करते. मागून दाबायची, फडकं बदलायचं, परत दाबायची. मालक म्हणतो, "तुला एका जागी दहा मिनिटं बसताना मी फक्त डागासमोरच बघतो." दर सोमवारी गठ्ठ्यात एक पांढरा कोट यायचा, नंबर ११८, आणि दर सोमवारी त्याच खिशाखाली तोच निळा डाग. तीन वेळा काढला. चौथ्या वेळी खिशात चिठ्ठी टाकली, "बाई, पेन उलटं ठेवता का?" पुढच्या सोमवारी कोटाबरोबर उत्तर, "सरळच ठेवते. पेन म्हातारं आहे, त्याला आवरत नाही. तुम्हाला पेनातलं कळतं?" मी लिहिलं, "नाही. पण माझ्याकडे एक आहे, त्याला टोपण नाही." त्यावर, "रविवारी दहाला दवाखान्यात या. दात दुखत नसले तरी."

बाई दातांच्या डॉक्टर आहेत. रविवारी दवाखाना बंद असतो तेव्हा बाहेरच्या खोलीत यांचा पेनांचा क्लब भरतो. शाईच्या पेनांचा. सातआठ माणसं, पाच दुखऱ्या रंगाच्या खुर्च्या, भिंतीवर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र, आणि त्याच्याखाली टेबलावर कापड पसरून पेनं मांडलेली. आत जिथे पेशंट चूळ थुंकतात त्या बेसिनमध्ये हे लोक निबा धुतात. बाईंची दाताची हत्यारं साफ करायचं एक गुंगुं करणारं यंत्र आहे, त्यात रविवारी पेनं टाकतात. निळं पाणी बघून सोमवारचा पहिला पेशंट एकदा परत गेला होता म्हणे.

त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. त्याला 'अनाथांचा डबा' म्हणतात. पेनं हरवलेली टोपणं, टोपणं हरवलेली पेनं, नुसत्या निबा. मी म्हटलं, मला त्यातलं एक टोपण द्या, माझं काम झालं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"मूळ टोपण कुठे आहे?"

"भावाकडे."

"आहे अजून?"

"भाऊ?"

"टोपण."

"असेल. भाऊ काही टाकत नाही."

एवढं बोललो आणि डब्याचं झाकण बंद झालं. दादा, मला थापांची एवढी सवय, 'हरवलं' म्हणायला काय गेलं असतं? नेमका तिथे खरं बोललो. त्यांचा नियमच आहे. ज्याचा मूळ भाग कुणाकडे तरी आहे, त्या पेनाला दुसऱ्याचा भाग द्यायचा नाही. आधी त्याच पेनाने त्या माणसाला पत्रं लिहायची, तीन. तिन्हींनंतरही तो भाग नाही आला तरच डबा उघडायचा. मी म्हटलं, फोन करतो की. (केला होता रे, तीनदा. तू तिन्ही वेळा कापलास.) तर कोपऱ्यातले मिस्त्री म्हणाले, "फोनला टोपण लागतं का? मग पेनानेच." मिस्त्री म्हणजे निबा दुरुस्त करणारे म्हातारबाबा, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी मला कारणही दाखवलं. टोपण फिरवून बसतं ते आट्यांवर. दुसऱ्याचं टोपण बसवायचं तर आपल्या पेनाचे आटे कानशीने तासावे लागतात. एकदा तासले की मूळ टोपण परत आलं तरी या जन्मात बसत नाही.

तुला आठवत असेलच. तू फॉर्म पुढे केलास, कोर्सला तिसऱ्यांदा नाव घालायचा. बाबांचं पेन फिरवून उघडलंस, टोपण स्वतःच्या हातात ठेवलंस आणि म्हणालास, "इथे कर सही." मी सही करायच्या ऐवजी दारातून बाहेर पडलो. चोरायचं मनात नव्हतं. हातात होतं, एवढंच. गावाबाहेर पडल्यावर खिसा ओला लागला तेव्हा कळलं, आपण काय घेऊन निघालोय. परत फिरायला हवं होतं. पुढच्या थांब्यावर फिरू म्हटलं, आणि तो थांबा काही येईना.

पत्ता पाकिटावर आहे. टोपण कापसात गुंडाळून पाठव. वहिनीला नमस्कार.

तुझा धाकटा

•

रविवार, २५ फेब्रुवारी

दादा,

कार्ड मिळालं. 'टोपण आहे. क्लबात जाऊन फायदा काय?' सहा शब्द. तीन वर्षांत तू मला सहा शब्द लिहिलेस, मी ते लाँड्रीत सगळ्यांना दाखवले. इस्त्रीवाली मावशी म्हणाली, "अक्षर छान आहे हो. बोलायला कडू दिसतो." मी म्हटलं, औषधाच्या दुकानात आहे, तिथलं लागलं असेल.

सहावा शब्द प्रश्न आहे म्हणजे उत्तर मागितलंयस, असं मी धरून चाललोय.

तर फायदा. आधी तोटे सांगतो, म्हणजे तुझा विश्वास बसेल. एक माणूस आहे, त्याला आम्ही बोका म्हणतो, त्याच्यासमोरही. दोनशे बारा पेनं आहेत त्याच्याकडे, मखमलीच्या खणांत, आणि एकातही शाई नाही. "लिहून खराब करू का?" असं विचारतो. मागच्या रविवारी एक शाई काळी की अतिगडद हिरवी यावर दीड तास वाद झाला. शेवटी कागद उन्हात धरायला सगळे रस्त्यावर गेले, तर ऊन गेलेलं. तुझ्या हातून पेन पडलं तर तान्हं मूल पडल्यासारखे बघतात. मला निम्मी नावं कळत नाहीत. मी अधूनमधून 'वा' म्हणतो. नोकरी यातून मिळत नाही, जेवण मिळत नाही, चहा मिळतो, तोही दवाखान्यातल्या कागदी पेल्यातून, ज्याला औषधी वास असतो.

हे वाचून तू म्हणशील, मग कशाला. आता ऐक.

दुसऱ्या रविवारी मिस्त्रींनी बाबांचं पेन हातात घेतलं. आधी दिव्याखाली धरलं, मग डोळ्याला ते घड्याळजींचं भिंग लावलं, मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, म्हातारा झोपला.

मग म्हणाले, "हे पेन कोणाचं?"

"वडिलांचं."

"ते कागद आडवा फिरवून लिहायचे. कडेला, बारीक. आणि थोडंथोडं. लिहायचे, थांबायचे, वाचायचे, परत लिहायचे."

दादा, मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, हे त्यांना कुठून कळणार? मी विचारलं तर निब दाखवली. डाव्या कडेला झिजलीय, तिरकी. सरळ पानावर सरळ लिहिणाऱ्याची अशी झिजत नाही. समासात चुका दुरुस्त करत तीस वर्षं घालवलेल्या माणसाची अशी झिजते. मला भिंगातून बघायला दिलं. एवढीशी तिरपी चकाकी, नखाएवढीही नाही. तेवढ्यात बाबांची अख्खी नोकरी.

"घासून सरळ करून देऊ?" मिस्त्री म्हणाले. "तुझा हात बसेल. त्यांचा जाईल."

मी नको म्हटलं. तर म्हणाले, "मग कुरकुरेल. तक्रार घेऊन येऊ नकोस."

आणि कुरकुरतच होतं, तीन वर्षं. मला वाटायचं पेनच वाईट. त्या दिवशी मी तिथेच कागद आडवा केला, बाबा करायचे तसा, आणि पेन लोण्यासारखं चाललं. आत्ताही मी असाच लिहितोय, मान वाकडी करून. इस्त्रीवाल्या मावशीला वाटतं माझी मान धरलीय.

बाबा माझी पत्रंही तपासायचे, आठवतं? सहलीहून मी कार्ड पाठवलं होतं, ते घरी आलो तेव्हा लाल दुरुस्त्यांसकट परत हातात दिलं. तेव्हा मला राग आला होता. तेरा चुका. आज वाटतं, कार्ड पुन्हा पुन्हा वाचल्याशिवाय तेरा सापडल्या नसत्या.

तर हा फायदा. मला बाबांबद्दल काहीतरी नवं कळलं, ते गेल्यावर दीड वर्षाने, आणि तेही दात काढायच्या जागी. माझ्यासारख्याला, ज्याने त्यांना धड बघून घेतलं नाही, त्याला हे फुकट मिळालं. मिस्त्रींचे पाय धरावेसे वाटले, पण ते गुडघ्याला पट्टा बांधतात.

त्यांनी सहज विचारलं होतं, "शेवटी होतास का जवळ?" मी म्हटलं, "नाही, निरोप उशिरा मिळाला." त्यांनी मान हलवली आणि निब पुसायला घेतली. मी तेव्हा वहिनीलाही तेच सांगितलं होतं फोनवर, तिने तुला सांगितलं असेल.

शाई संपत आलीय. टोपण आहे म्हणालास, पाठवतो म्हणाला नाहीस. घाई नाही. पण पाठव.

तुझा धाकटा

•

रविवार, १० मार्च

दादा,

दोन आठवडे झाले, तुझं काही नाही. हे तिसरं पत्र. नियमाप्रमाणे शेवटचं.

आज सकाळी बोक्याने मला बाजूला घेतलं. त्या खुर्चीमागे, जिथे बाई दिवा डोळ्यांवर सोडतात. खिशातून रुमाल काढला, रुमालातून टोपण. काळंभोर. "माझ्या जास्तीच्या पेनातलं. तुझ्या पेनाच्याच घराण्यातलं, थोडेसे आटे तासले की बसेल. बाईंना सांग, तिसरं पत्र गेलं, टोपण आलं नाही. कोण बघायला येतंय?"

त्याने चांगुलपणाने केलं, बरं का. दोनशे बारांपैकी एकाचं टोपण देणं म्हणजे बोक्याने स्वतःचं शेपूट देणं आहे. मी ते हातात घेतलं. आणि मिस्त्रींकडे गेलो आणि म्हटलं, "तिसरं पत्र टाकलं. तासा."

मिस्त्रींनी कानस काढली. पेन शिकंज्यात धरलं. माझ्याकडे बघून विचारलं, "तासू?"

तेवढंच. आवाज नेहमीचा होता. पण दादा, मला एकदम कळलं की मी परत तेच करतोय. मागेही मी एका गोष्टीसाठी एक सोपं वाक्य तयार करून ठेवलं होतं, आणि ते इतक्यांदा वापरलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं. मी म्हटलं, "थांबा. पत्र टाकलेलं नाही." मिस्त्रींनी कानस परत ठेवली, शिकंजा सैल केला. "बरं," म्हणाले. बोक्याने टोपण घेतलं आणि माझ्या पाठीवर थापटलं.

म्हणून आता इथेच बसून लिहितोय. बाकीचे गेले, बाई आत हत्यारं लावून ठेवताहेत.

निरोप उशिरा मिळाला नव्हता.

तेव्हा मी फळांच्या बागेत होतो, पेट्या भरायला. तू ज्या दिवशी फोन केलास त्याच दुपारी बागवाला शिडीखाली येऊन उभा राहिला. "खाली ये. वडील सिरियस आहेत, घरी बोलावलंय." मी उतरलो, हात धुतले, पिशवी घेतली, पेन बाटलीत घातलं. स्टेशनवर गेलो, तिकीट काढलं. गाडी लागलेली होती. वीस मिनिटं होती सुटायला. मी बाकावर बसलो. डबा समोर, दार उघडं. मी ते दार बघत बसलो.

बाबा काय विचारतील, हे मनात घोळत होतं. काही विचारणार नाहीत, हेही घोळत होतं, आणि ते जास्त वाईट होतं. तू उशाशी असशील. तुझ्या हातात तो फॉर्म असेल असंच मला दिसत होतं, इतका मी मूर्ख. गाडी सुटली. मी म्हटलं, पुढच्या गाडीने जाऊ. मग पलीकडच्या फलाटावर दुसरीकडे जाणारी आली आणि मी तिच्यात चढलो. तिचं तिकीटही माझ्याकडे नव्हतं.

चार दिवस मी एका बंदरात होड्यांचं बूड खरवडत होतो. पाचव्या दिवशी वहिनीला फोन केला, आणि तिने सांगितलं, काल गेले. मी म्हटलं, निरोप आत्ताच मिळाला. ती रडली आणि म्हणाली, "अरे, तुझा काय दोष."

वहिनीचं ते वाक्य दीड वर्ष मी खिशात घालून फिरतोय. ते माझं नाही. तिला परत दे.

चार दिवस होते दादा. मी पहिल्या गाडीने निघालो असतो तर त्याच रात्री पोचलो असतो.

टोपणासाठी हे लिहिलेलं नाही. तू नाही पाठवलंस तरी मी आटे तासणार नाही, ते मिस्त्रींना सांगून ठेवलंय. बाटली आणि फडकं चालतं मला. आणि तू जे केलंस त्याबद्दल मी कधी बोललोच नाही. बाबांना उठवणं, बसवणं, पुसणं, औषधं, दुकान सांभाळून. मी इथे लोकांचे कोट पुसतो आणि दमतो. तू केलंस. माझ्या वाट्याचंही केलंस. एवढं लिहायला मला इतके डाग काढावे लागले.

आता उत्तर दे किंवा देऊ नकोस.

तुझा धाकटा

•

रविवार, ३१ मार्च. स्टेशन

दादा,

हे पत्र टपालात जाणार नाही, मीच तुझ्या हातात देईन. समोर आलो की मला बोलता येणार नाही, मी लाँड्रीच्या मावशीच्या गोष्टी सांगत बसेन. तेव्हा आधी हे वाच, मग मला आत घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते डागांच्या टेबलावरच उघडलं. पुढचा कोट तसाच राहिला, मालक काही बोलला नाही. मग रविवारी मी ते क्लबात वाचून दाखवलं. तुला न विचारता, चुकलंच. पण तिथे रिवाज आहे, मूळ भागाबद्दल उत्तर आलं की ते सगळ्यांसमोर वाचायचं. मी म्हटलं, सुरुवातीच्या दोन ओळी वाचून थांबू. तुला माहीत आहे मला थांबता येत नाही.

तू लिहिलंस, 'मला त्याच दिवसापासून ठाऊक आहे. संध्याकाळी बागवाल्याचा फोन आला, तुमचा भाऊ दुपारीच निघाला म्हणून.' इथे मला पाणी प्यावं लागलं. म्हणजे दीड वर्ष मी थाप मारत होतो आणि ती तुला पहिल्या मिनिटापासून दिसत होती. वहिनीलाही तू सांगितलं नाहीस. आपल्या घरात कोणी कोणाला इतकं झाकलेलं मी बघितलं नव्हतं.

आणि मग ते चार दिवस. पहिल्या रात्री तू मला घ्यायला स्टेशनवर आलास, दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ आलास. तिसऱ्या दिवशी आला नाहीस, मी येणार नाही हे तोवर तुला कळलं होतं. पण बाबांनी विचारलं, 'निघाला का?' तर तू म्हणालास, निघालाय, गाडी उशिरा आहे. शेवटच्या दिवशीही तेच सांगितलंस. बाबा हसले, आणि म्हणाले, 'त्याची गाडी वेळेवर आली तर मीच घाबरेन.' त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत, असं तू लिहिलंयस.

हे वाचून झालं. बोक्याने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. बाई उठून आत गेल्या आणि ते गुंगुं करणारं यंत्र रिकामंच चालू केलं. मग मिस्त्री म्हणाले, "तुझा भाऊ चांगला कारागीर आहे."

दादा, बाबा मला निघालेला समजून गेले. मी त्यांना जे दिलं नाही, ते तू माझ्या नावाने दिलंस. चार दिवस ती गाडी तू वाटेत धरून ठेवलीस. मी याचे आभार कसे मानू ते मला येत नाही. शाळेत शिकवलं असेल तर त्याही दिवशी मी बाहेर असणार.

टोपण टपालाने पाठवणार नाही, गहाळ होईल, हवं तर येऊन घेऊन जा, असं तू शेवटी लिहिलंस. बाईंनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी कुठकुठल्या गाड्या आहेत?"

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. तुमच्याकडे वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार जण असाच क्लब काढताहेत, बाबांची अकरा पेनं आहेत हे कळल्यावर तुला बोलावलंय, तू जावंस का, असं विचारलंस. सहा शब्दांच्या कार्डामागे हे होतं होय? मला वाटलं, तू मला टोमणा मारतोयस. वहिनीने खालच्या ओळीत लिहिलंय की बाबा गेल्यापासून तू दुकान आणि घर सोडून कुठे गेला नाहीस. तिने लिहिलं हे तुला माहीत नसेल, तर आता झालं.

जा. नक्की जा. पण आधी सांगतो, तिथेही एक बोका असेल. शाईच्या रंगावर भांडतील, तुला कंटाळा येईल, पहिल्या रविवारी वाटेल, ही रिकामटेकडी माणसं. अकरापैकी एक पेन शाई भरून घेऊन जा आणि कोणालातरी विचार, हे कोणी कसं वापरलंय बघता का. ते पेन हातात घेऊन गप्प बसले तर उठू नकोस. मला या लोकांनी काही शिकवलं नाही, काही दिलंही नाही, डबासुद्धा उघडला नाही. तुला तीन पत्रं लिहायला लावली, बस. तेवढ्यासाठी मी त्यांची बेसिनं आयुष्यभर घासेन. तुझ्या क्लबाचं तू बघ. पण मी तिकडे आहे तोवर एक रविवार तरी आपण दोघं जाऊ. मी 'वा' म्हणायला चांगला आहे.

लाँड्रीतून आठ दिवसांची रजा घेतलीय. पहिल्यांदाच एखादं काम न सोडता त्यातून निघालोय, मालक मला तीनदा म्हणाला, "रजाच ना?" इस्त्रीवाल्या मावशीने वहिनीसाठी सुती ओढणी दिलीय, घडी मोडू नकोस म्हणाली आहे, म्हणून ती मांडीवर आडवी धरून बसलोय आणि तिच्यावर कागद ठेवून लिहितोय.

खिडकीबाहेर फलाटावर मिस्त्री उभे आहेत. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. मी म्हटलं, जा तुम्ही, ऊन लागेल. तर म्हणतात, "गाडी हलल्याशिवाय मी हलत नाही. तुझा इतिहास मला ठाऊक आहे." बाई आणि बोका चहा आणायला गेलेत, पेल्यांना आज दवाखान्याचा वास नसेल.

गाडी पाऊण तास उशिरा आहे दादा. ही थाप नाही, आत्ताच भोंग्यावरून सांगितलं. अजून सुटलेली नाही. दार उघडं आहे, आणि मी आत बसलोय.

धाकटा